मदत हवी आहे: जुन्या गेमसाठी ४:३ मॉनिटर, बेळगाव किंवा आसपास, अर्जंट

अनगोळ_प्लेयर१
मंडळी, एक ४:३ (रुंदी ४ तर उंची ३) मॉनिटर पाहिजे जुने गेम खेळायला. आताच्या रुंद मॉनिटरवर सगळं ताणल्यासारखं दिसतंय, मारिओ पार जाड्या झालाय. आठवडाभर शोधूलालो, खडेबाजार, मारुती गल्ली सगळं झालं, जो तो 'स्क्वेअर आहे घ्या' म्हणून काहीतरी पुढं करतोय. रविवारी कोल्हापूरला जाणार आहे, तिथं घेऊ का इथंच? मॉडेल सांगा फक्त, भाषण नको.

निपाणी_नाका
कशावर खेळतोस? बजेट किती? केबल कुठली?

अनगोळ_प्लेयर१
जुने गेम म्हटलं ना. कॉन्ट्रा, मारिओ, मुस्तफा (कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स), टेकन ३. बजेट कमीच.

निपाणी_नाका
गेम नव्हे ओ, मशीन विचारलं. कमी म्हणजे पाचशे का पाच हजार?

सर्किटराव
मॉनिटरच्या नादाला लागू नकोस. पिक्चर ट्यूबचा टीव्ही घे, विषय संपला. हे गेम काढलेतच ट्यूबसाठी, त्या रेघा, तो रंग एलसीडीवर सात जन्मात येणार नाही. माझ्याकडं २१ इंची आहे, अजून टकाटक.

हिंडलगा_हायवे
झालं, आले ट्यूबवाले. २१ इंची टीव्ही उचलून जिन्यातनं चढवून दाखवा आधी मग बोला. आणि बंद पडला तर उघडणार कोण? आतला हाय व्होल्टेज प्लग काढलेला असला तरी झटका देतोय, आता तसले मेकॅनिक राहिलेत कुठं.

सर्किटराव
मेकॅनिक आहेत, शोधणारे नाहीत.

प्रो_सुमा
भावा १४४ हर्ट्झचा कर्व्ह्ड घे २७ इंची, मी मागच्या महिन्यात घेतला, व्हॅलोरंट लोण्यासारखं चालतंय. जुन्या डब्यात पैसे घालू नको.

निपाणी_नाका
त्यानं व्हॅलोरंट विचारलंय काय?

चिकोडी_एक्सप्रेस
दुकानदार स्क्वेअर म्हणून जे दाखवतात ते १७ आणि १९ इंची मॉनिटर जवळजवळ सगळे १२८० बाय १०२४ असतात, म्हणजे ५:४, ४:३ नव्हेच. ऑफिसातनं निघालेला माल असतोय तो सगळा. त्यावर फुल स्क्रीन केलं की आता उभं ताणणार, मारिओ जाड्याचा बारक्या होणार एवढंच. खरा ४:३ एलसीडी म्हणजे १५ इंची, १०२४ बाय ७६८, नाहीतर २० इंची, १६०० बाय १२००. विसातला डेल २००७एफपी मिळाला तर डोळे झाकून उचल, त्याला मागं पिवळ्या पिनेचं एव्ही आणि एस-व्हिडिओ पण आहे. पण तो आता सहज मिळत नाही. दुकानात टेप घेऊन जा, स्क्रीन १६ रुंद १२ उंच भरली तर तो विसाचा ४:३. पावणेपंधरा बाय बारा भरली तर १९ चा स्क्वेअर.

गडहिंग्लजकर
मुस्तफा म्हटल्यावर राहवेना. आमच्याकडं बस स्टँडजवळ पार्लर होतं, एक रुपयाला एक कॉइन, शाळा बुडवून तिथंच. ती मुस्तफानं पळत येऊन मारलेली लाथ! कॅडिलॅक गाडी कोण चालवणार यावरनं मारामाऱ्या व्हायच्या.

वडगाव_वायरमन
आमच्याकडं पण. मालक मागनं बटण दाबून गेम बंद करायचा, कॉइन संपलं म्हणून सांगायचा.

हिंडलगा_हायवे
मूळ प्रश्नावर येतो. प्लेयर१, तुझा प्रॉब्लेम मॉनिटरचा नाहीच, सेटिंगचा आहे. ग्राफिक्सच्या सेटिंगमधे स्केलिंगला 'मेंटेन आस्पेक्ट रेशो' कर, नाहीतर एम्युलेटरमधे (जुने गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर) आस्पेक्ट ४:३ कर, दोन्ही बाजूला काळे पट्टे येतील आणि मारिओ मूळच्या अंगावर येईल. २४ इंची रुंद मॉनिटरवर असं केलं तर ४:३ चं चित्र साडेएकोणीस इंचाच्या वरच बसतंय, म्हणजे तुमच्या त्या दुर्मिळ विसाएवढंच. फुकटात काम, रविवारी कोल्हापूरला मिसळ खाऊन ये फक्त.

चिकोडी_एक्सप्रेस
काळे पट्टे एलसीडीवर काळे नसतात, अंधारात राखाडी दिसतात. शिवाय रुंद मॉनिटरच्या १०८० पिक्सेल उंचीत जुन्या गेमच्या २४० रेघा साडेचार पटीनं बसतात, पूर्ण पटीत बसत नाहीत, त्यामुळं स्क्रोल करताना काही रेघा जाड काही बारीक, कॉन्ट्राचा धबधबा बघा म्हणजे कळेल. १२०० मधे बरोबर पाचपट.

हिंडलगा_हायवे
मग १४४० वाला घ्या, त्यात बरोबर सहापट. पूर्ण पटीचं एवढं कौतुक असेल तर मुस्तफाचं काय करणार? तो ३८४ बाय २२४ आहे आणि पार्लरला दिसायचा ४:३. पिक्सेल चौकोनी ठेवलेत तर अख्खी गँग जाडी. एम्युलेटरमधे आडवं ४:३ ला बसवा, उभं पटीत ठेवा, वरनं ट्यूबचा शेडर लावा, कोणाला काय कळत नाही.

सर्किटराव
शेडर म्हणजे ट्यूबची नक्कल. मग ट्यूबच घ्या की!!

निपाणी_नाका
प्लेयर१ आहेस का? मशीन अजून सांगितलं नाहीस.

अनगोळ_प्लेयर१
आहे, कामावर होतो. मिनी पीसी आहे, एचडीएमआय, एम्युलेटर घातलाय. आणि घरातला जुना टीव्ही गेम पण लावायचा आहे, कॅसेटवाला, बंदूक पण आहे बदकं मारायची. रुंद मॉनिटर चालणारच नाही, कपाटाच्या कप्प्यात बसवायचा आहे, आत साडेअठरा इंच जागा. सुताराला सांगून झालंय. बजेट तीनपर्यंत.

हिंडलगा_हायवे
हे आधी सांगायचं की!! एवढं टाईप करून घेतलंस.

अनगोळ_प्लेयर१
४:३ च पाहिजे म्हणून पहिल्या ओळीत लिहिलंय.

निपाणी_नाका
कप्प्याची उंची किती? स्टँड काढणार का स्टँडसकट?

वडगाव_वायरमन
कप्पा मागनं बंद असेल तर भोकं पाडून ठेव हवेला, जुने मॉनिटर तापतात. आणि बंदूक विसर. घोडा दाबला की गेम स्क्रीन क्षणभर काळी करतोय आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, बंदुकीतला डोळा तो उजेड ठरल्या वेळेत शोधतोय. एलसीडीचं चित्र उशिरा येतंय, नेम कितीही धर, बदक उडूनच जाणार. स्वस्तातला एव्ही टू व्हीजीए डबा लावलास तर अजून उशीर, वरनं चित्र फडफडणार ते वेगळं, कारण तो डबा गेमच्या सिग्नलला टीव्ही चॅनलचा सिग्नल समजतोय.

सर्किटराव
बघा, आलात शेवटी ट्यूबवर.

वडगाव_वायरमन
टीव्हीवर, ट्यूबच्या मॉनिटरवर नव्हे राव. कंप्युटरचा ट्यूब मॉनिटर ३१ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ३१ हजार रेघा) खाली घेत नाही, टीव्ही गेम देतोय साडेपंधराच्या आसपास. सायबर कॅफेतला जुना मॉनिटर आणून त्याला पिवळी पिन जोडायला बघणारे लई बघितलेत. टीव्ही गेम टीव्हीलाच लाव, पीसीला वेगळा मॉनिटर.

चिकोडी_एक्सप्रेस
तीन हजारात आणि साडेअठरा इंचात मग मी सुद्धा विसाचा हट्ट सोडतो. १९ चा स्क्वेअर घे, कडा धरून सोळा-साडेसोळा रुंद भरतोय, आरामात बसेल. त्यात १२८० बाय ९६० लाव, आडवं पूर्ण, वर-खाली ३२-३२ पिक्सेलचा काळा पट्टा, चित्र साडेअठरा इंची ४:३ आणि २४० रेघा बरोबर चौपट. टेकन पण त्यात नीट बसतंय का बघ, गेमनुसार फरक पडतो. फक्त मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूवर विश्वास ठेवू नको, बऱ्याच स्क्वेअर मॉनिटरला 'ताणू नको' हा पर्यायच नसतोय, पट्टे पीसीकडनंच पाड.

निपाणी_नाका
शक्यतो डीव्हीआय पोर्ट असलेला बघ, एचडीएमआय टू डीव्हीआय साधी केबल चालते. नुसता व्हीजीए असेल तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, दोन टोकांची नुसती वायर देतील, ती चालत नाही. आवाज मॉनिटरमधनं येणार नाही, स्पीकर वेगळे. दुकानात पांढरी स्क्रीन लावून पिवळट आहे का बघ, मग काळी लावून कोपरे बघ, आणि अर्धा तास चालू ठेवायला लाव, कॅपॅसिटर फुगलेला असेल तर तेवढ्यात मिटमिटतोय. दुकानदार कुरकुरला तर समजून जा.

प्रो_सुमा
तीन हजारात अजून थोडे घालून २२ इंची नवीन येतोय बरं का, वॉरंटीसकट.

हिंडलगा_हायवे
कप्पा साडेअठरा आहे रे बाबा. वाच की.

अनगोळ_प्लेयर१
बरं. मारुती गल्लीत १९ चा एक बघितला होता, मागं पांढरा पोर्ट होता, तोच डीव्हीआय असणार. उद्या टेप घेऊन जातो, कोल्हापूर कॅन्सल. टीव्ही गेमचं बघू, खानापूरला मामाच्या माळ्यावर जुना टीव्ही पडलाय ट्यूबचा, बंदूक तिथंच नेतो.

गडहिंग्लजकर
कोल्हापूर कॅन्सल कशाला, मिसळ तरी खाऊन ये.

सर्किटराव
माळ्यावरचा टीव्ही किती इंची? सपाट ट्यूब का फुगीर? मामा देणार असतील तर मी गाडी घेऊन येतो.

अनगोळ_प्लेयर१
देणार नाहीत.

सर्किटराव
बरं, मागच्या स्टिकरचा फोटो तरी टाक.