कोतवाल बुकातला १९१८ चा ‘ताप’ : मानमोडी की हिवताप? मदत हवी आहे

मंडळी, कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाची जुनी माहिती गोळा करतोय. तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या) नकला काढल्या. १९१८ च्या दसऱ्याच्या आसपास पानंच्या पानं मयतांची, आणि कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नुसतं ‘ताप’. एका घरातला बाप, कर्ता मुलगा आणि सून आठ दिवसांत गेलेत. प्लेगच्या नोंदी वेगळ्या आहेत, गाठी आलेल्या लोकांना कळायच्या. पण हिवतापही ‘ताप’ आणि मानमोडीही (म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ) ‘ताप’, तर वेगळं काढायचं कसं?

दुसरं, ही साथ गावात आणली कुणी? गावात सगळे म्हणतात, पलटणीतून परतलेल्यांनी. साताऱ्याकडची माणसं मेसोपोटेमियात लढायला होती हे खरं, आणि मुंबईतही जूनमध्ये सुरुवातीलाच आजारी पडलेल्यांत बंदरावरचा पोलीस शिपाई होता. पण युद्ध थांबलं नोव्हेंबरात, आमच्या गावातले मृत्यू त्याच्या आधीचे. मला गिरणीतून पळून गावी आलेल्यांचा संशय जास्त येतो. मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं गेली. तिथं कोण थांबणार?

युद्धाचा वाटा मात्र उरतोच. डॉक्टर लष्करात गेलेले, धान्य महाग, त्यात पाऊस दगा देऊन गेला. हे गावपातळीवर दाखवायला कुठले कागद बघावेत? मोडी मला जेमतेम लागते.

प्रतिसाद

पावसाचा मुद्दा तुम्हीच लिहिलाय, उत्तर बरंचसं त्यातच आहे. हिवताप चांगल्या पावसानंतर आश्विन-कार्तिकात वाढतो. १९१८ ला पाऊस नाही, तरी ताप दुप्पट-तिप्पट दिसला तर तो हिवतापाचा नव्हे. सरकारी तक्त्यात इन्फ्लुएन्झाला वेगळा रकाना नव्हता, बहुतेक ‘ताप’मध्येच जायचं.

आधीच्या चार-पाच वर्षांचे सप्टेंबर ते डिसेंबरचे मृत्यू मोजा, सरासरी काढा, १९१८ मधून वजा करा. कोविडमध्ये जादा मृत्यू असेच काढले. मग वयं बघा. हिवताप लहान पोरं नेतो. मानमोडीनं विशी ते चाळिशीतली माणसं नेली, बायका जास्त. १९१९ च्या जन्मनोंदीही मोजा, त्या घटलेल्या दिसतील.

कुणी आणली हे एका गावाच्या बुकावरून सांगता येणार नाही. सातारा रोड स्टेशनालगतच्या एखाद्या गावाचं आणि आतल्या आडगावाचं बुक मिळवून पहिल्या मृत्यूंच्या तारखा जुळवा. रेल्वेकडून साथ आली असेल तर तिथं आधी दिसेल. अर्थात त्याच गाडीनं रजेवरचा शिपाईही यायचा, तेव्हा गिरणीवाल्यांवर लगेच शिक्का मारू नका. धान्याच्या भावासाठी ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’चे त्या महिन्यांतले अंक चाळा.

वयाचा रकाना असलेल्या पानांचे फोटो टाका, नावं झाकून. मोडी मी वाचून देतो.