विषय: एफ्टेलिंग ट्रिप – आई-बाबांना त्या मोटरवाल्या रोलर कोस्टरमधे बसवायचं का?

नमस्कार मंडळी,
मी सध्या उदगीरला माहेरी आहे, पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊनच नेदरलँड्सला परत येते, त्यामुळे मंडळाच्या एफ्टेलिंग (तिथलं मोठं मनोरंजन पार्क) ट्रिपला आम्ही सगळेच धरा. काल रात्री गच्चीवर बाबांना मोबाईलवर तिथल्या मोटरवाल्या रोलर कोस्टरचा, मॅक्स अँड मॉरिट्झचा व्हिडिओ दाखवला, धाकटीनं तर शेजारी आजोबाच बसणार म्हणून कबूल करून घेतलंय. बाबांना गाडी आवडली पण तेव्हापासून एकच विचारायलेत, हिला वर ओढणारी साखळी कुठंय अन् मधेच लाईट गेली तर काय? आता उदगीरच्या माणसाला हे सुचणारच, व्हिडिओ संपायच्या आत इथली लाईट गेलीच होती. त्यात तरुणपणी एका जत्रेत पाळणा पार वर असताना खाली जनरेटर बंद पडलेला, ते अजून डोक्यातून जाईना. आईला बीपीची गोळी चालू आहे, गुडघेही दुखतात. कोण बसलंय का त्यात? इंजिनिअर लोकांनी जरा सोपं करून सांगा.
– उदगीरची ताई

---

ताई, बाबांना माझा रामराम सांग, साखळी दिसली नाही कारण ती नाहीच, पहिल्या फटक्यात त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं.

नेहमीच्या रोलर कोस्टरला स्वतःचं इंजिन नसतंय. साखळीनं एकदा उंचावर नेऊन सोडतात, पुढं सगळा उताराचा खेळ, अन् घर्षणात जोर कमी होत जातो म्हणून नंतरचे चढ पहिल्यापेक्षा ठेंगणेच ठेवावे लागतात. हिच्यात मोटरी गाडीतच आहेत. रुळाच्या बाजूनं विजेची पट्टी गेलेली असते, गाडीचा कॉन्टॅक्ट तिला घासत घासत करंट घेतो, बंगळुरूची मेट्रो तिसऱ्या रुळातून घेते ना, तेच. त्यामुळे चढावर मोटर ओढते, उतारावर गाडी मोकाट सुटत नाही, शेवटचा चढही पहिल्याएवढा ठेवता येतो, अन् स्टेशनात न थांबता लगेच दुसरी चक्कर मारता येते. पोटात गोळा येतो तो एकदम खाली पडल्यामुळं, ते इथं जवळपास नाहीच. त्याच पार्कात बॅरन १८९८ नावाची दुसरी रोलर कोस्टर आहे, ३७.५ मीटर सरळ खाली, ताशी ९० किलोमीटर, तिच्या आसपास बाबांना फिरकू देऊ नकोस. मोटरवाल्या फॅमिली गाड्या ताशी ४० च्या आगेमागे, म्हणजे उदगीर-लातूर रोडवर आपली लालपरी याहून जोरात जाते.

आता लाईटचं. वीज गेली की मोटर ओढायची थांबते अन् गाडी मंदावून थांबते. असल्या मशीनमधे ब्रेक उलटे ठेवतात, म्हणजे वीज किंवा हवेचं प्रेशर असेल तोवर ब्रेक उघडा, ते गेलं की स्प्रिंगनं आपोआप आवळायचा, बिल्डिंगच्या लिफ्टलाही हेच तत्त्व आहे. रूळ फार उंच नसतो, स्टाफ येऊन उतरवतो. अन् अशा राईडला एका रुळावर सहसा एकच गाडी असते, मागून दुसरी येऊन धडकायचा विषयच नाही. पाळण्यासारखं वर लटकून जनरेटरवाल्याला हाका मारायची पाळी येत नाही, एवढं त्यांना नक्की सांग.

बनवणारी मॅक राइड्स, जर्मनीत वाल्डकिर्ख गावची, १७८० पासूनची. आधी घोडागाड्या, मग जत्रा-सर्कसवाल्यांच्या गाड्या बनवायचे, तिथून राईडमधे आले. माळेगावच्या यात्रेत हिंडलेल्या माणसाला ही मंडळी परकी वाटायची नाहीत. यांच्या स्वतःच्या युरोपा-पार्कमधे असलीच मोटरची अल्पेनएक्स्प्रेस १९८४ पासून पळतीय, म्हणजे प्रयोग आपल्यावर चाललाय असं काही नाही.
– परभणीकर काका

---

काका, सगळं मान्य, पण मजेचं काय? मला तर त्यात जांभई आली, खरंच. तिथं आधी जुनी बॉबस्लेची (बर्फावरच्या घसरगाडीसारखी) राईड होती, १९८५ ची, २०१९ ला बंद केली अन् २०२० मधे ही दोन रुळांची आणली, एकावर मॅक्स अन् एकावर मॉरिट्झ. बॉबला कसं, वळणावर घसरत जायचं, कुठं आपटंल सांगता यायचं नाही. आता सगळं मापात. हां, सात-आठ वर्षांची पोरं अन् आजोबा एका डब्यात बसवायचेत तर याहून बरं तिथं दुसरं नाही हे मी पण मानतो, मोठ्या राईडला कुणीतरी एक खाली पर्स अन् जर्किनं सांभाळत बसतंच, अन् ते बहुतेक आजी-आजोबाच असतात.

ताई एक सांगतो, ही गाडी वळणं बरीच घेते अन् वळणावर माणूस बाहेरच्या बाजूला ढकलला जातो, म्हणून आधी दोन मिनिटं उभं राहून बघ कुठल्या बाजूला जास्त वळतीय, त्या हिशोबानं नातीला आत अन् आजोबांना बाहेर बसव, नाहीतर पोरगी दबायची. गुडघ्यांना त्रास चालताना कमी, बसता-उठताना जास्त, सीट बुटक्या असतात.
– बीडचा

---

काकांचा मेल बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. ब्रेकचं पटलं. म्हणे वीज गेल्यावर आवळतो तो खरा ब्रेक, आपल्याकडं जत्रेत तर माणूसच दोरी धरून उभा असायचा. आई मात्र म्हणायली, तुम्ही बसा, मी खालून बघते.
– उदगीरची ताई

---

आईंना खाली कशाला बसवतेस ग, ड्रोमव्लुख्त नावाच्या राईडला माझ्याबरोबर पाठव, लटकत्या गाडीत बसून पऱ्यांच्या जंगलातून सावकाश फिरवतात. तरी बीपीचं तुझ्या डॉक्टरला विचारून घे आणि प्रत्येक राईडच्या तोंडाशी बोर्ड असतो तो वाच, आपल्या मेलवर जाऊ नकोस. नातवंडांना कचऱ्यासाठी कागद भरपूर दे, होले बोले गाईस नावाचा जाड्याचा पुतळा, म्हणजे कचरापेटीच, तोंडानं कागद ओढून घेतो आणि थँक्यू म्हणतो, आमची पोरं राईड सोडून तिथंच उभी राहतात.

गाडीनं येणार नाहीत त्यांनी टिलबर्ग स्टेशनवर उतरून बस घ्यायची. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडं, धपाटे बीडवाल्यांनी आणायचे, मागच्या वेळसारखं नुसते चिप्स नकोत. घरटी किती माणसं ते रविवारपर्यंत कळवा, तिकिटं एकदमच काढते.
– लातूरच्या काकू