मदत हवी आहे: पाचवा महिना चालू आहे, शेळ्या व्यायला आल्यात, गोठ्यात जाऊ की नको?

रानजाई:
लवकर उत्तर हवंय. मला पाचवा महिना लागलाय. घरी सहा शेळ्या आहेत, त्यातल्या दोन आठ-दहा दिवसांत व्यायच्या. आजवर सगळ्यांची बाळंतपणं मीच केली. काल नणंदेने कुठेतरी वाचलं आणि आता मी गोठ्याकडे फिरकायचं नाही असं ठरलंय. सासूबाई म्हणतात, आम्ही नवव्या महिन्यापर्यंत धारा काढल्या, काय झालं? नवरा गप्प. मला फक्त हो की नाही ते सांगा. हातमोजे आहेत, ते घातले तर चालेल ना?

मनीचीआई:
घरात मांजर आहे का? असेल तर आधी टॉक्सोची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून होणाऱ्या परजीवीच्या लागणीची, रक्त तपासणी करा. मला तिसऱ्या महिन्यात सगळ्यांनी मांजर देऊन टाक म्हणून भंडावलं होतं. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आलं, म्हणजे लागण जुनी. मांजर राहिलं. विष्ठेचा ट्रे नवरा रोज साफ करायचा, कारण त्यातली परजीवीची अंडी लागण करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज काढला की धोका खूप कमी होतो.

रानजाई:
मांजर नाही हो आमच्याकडे. शेळ्यांचं विचारलंय.

सावलीतला_पिंपळ:
सासूबाई बरोबर सांगताहेत. आमच्या घरी सगळ्या बायकांनी गोठा सांभाळला. हल्ली पोटुशी बाई म्हणजे काचेचं भांडं करून ठेवलंय. बिनधास्त जा.

चारापाणी:
मी जनावरांचा डॉक्टर आहे. पिंपळ, त्या काळी बाईचं पोट पडलं तर ते शेळीशी कोण जोडून बघायचं?
ताई, एक सांगा. या हंगामात एखादी शेळी गाभडली का? अशक्त किंवा मेलेलं करडू झालं का?

रानजाई:
हो, गेल्या गुरुवारी एक गाभडली. व्यायला तीन आठवडे होते. पण एखादी गाभडतेच की. त्याचा इथे काय संबंध?

चारापाणी:
सगळा संबंध तिथेच आहे. सहांतली एक गेली तर "गाभडतेच" म्हणून सोडायचं नसतं. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत शेळी गाभडली की पहिला संशय क्लॅमिडियाच्या लागणीचा. त्यानंतर क्यू फीव्हर, ब्रुसेलोसिस, लिस्टेरिया, टॉक्सो. हे सगळे जंतूंचे आजार माणसालाही होतात आणि पोटुशीला झाले तर बाळाला धोका असतो. पोट पडू शकतं, बाळ वेळेआधी होऊ शकतं.
तिच्याजवळ कोण होतं? तुम्ही हात लावलात का?

रानजाई:
मीच होते. वार अर्धी लटकत होती, ती हळूहळू ओढून काढली. हातमोजे नव्हते, पहाटेचे चार वाजले होते. मेलेलं करडू उकिरड्यात पुरलं. हात साबणाने धुतले, अंघोळ केली. आता मला घाबरवू नका, काय करायचं ते सांगा.

कुंकवाचीडबी:
अगं, आजच डॉक्टरकडे जा. मी सांगते माझं. मला सातव्या महिन्यात ताप आला, थंडी वाजायची, डोकं ठणकायचं. आठ दिवस व्हायरल म्हणून गोळ्या घेतल्या. आमच्याकडे शेळ्या आहेत हे मी बोललेच नाही, कोणी विचारलंही नाही. नंतर तपासणीत ब्रुसेला, म्हणजे ब्रुसेलोसिसचा जंतू, निघाला. बाळ नीट झालं, पण ते आठ दिवस मला अजून टोचतात. तू पहिलं वाक्यच हे बोल: "गाभडलेल्या शेळीची वार मी उघड्या हातांनी काढली."

खुराडा७:
शेळ्यांना खनिज मिश्रण देता का? आयोडीन कमी पडलं तरी गाभडतात. आमच्या कळपात चाटण-विटा टांगल्यापासून एकही गाभडली नाही.

चारापाणी:
खुराडा, आयोडीन हेही एक कारण असतं, पण वार आणि रक्त तपासल्याशिवाय ठरवता येत नाही. तोवर लागण धरूनच चालायचं.
ताई, घाबरू नका, पण चालढकलही नको. हात लागला म्हणजे आजार झालाच असं नाही. क्यू फीव्हर दिसायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, ब्रुसेलाला महिनेही लागतात. आज रक्त निगेटिव्ह आलं तरी दोन-तीन आठवड्यांनी परत द्यावं लागेल. मधे ताप, थंडी, अंगदुखी, खोकला किंवा पोटात दुखणं सुरू झालं तर त्याच दिवशी जा. औषध मनाने घेऊ नका, यातली काही गर्भारपणात चालत नाहीत.
आणि हातमोज्यांचं उत्तर नाही असं आहे. क्यू फीव्हरचा जंतू वाळलेल्या वारेतून, लेंड्यांच्या धुळीतून श्वासात जातो. नेदरलँड्समध्ये 2007 ते 2010 दरम्यान दुधाच्या शेळ्यांच्या कळपांतून तो पसरला, 4,000हून जास्त माणसांची नोंद झाली. त्यातल्या अनेकांनी शेळीला हातही लावला नव्हता.

सावलीतला_पिंपळ:
म्हणजे आता शेळ्या विकायच्या का? तुम्ही लोक शेतकऱ्याला जगू देणार नाही.

चारापाणी:
विका असं कुठे म्हटलं? व्यायच्या वेळी तिने तिथे नसावं, इतकंच. गाभडलेली शेळी वेगळी बांधा. गोठा कोरडा झाडू नका, आधी पाणी शिंपडा. तो उकिरडा ताईंनी हलवू नये. पुढच्या वेळी वार पुरण्याआधी नमुना तपासायला द्या, मग चुना टाकून खोल पुरा. दूध उकळूनच. आणि शेळीला इंजेक्शन देणं बंद. ब्रुसेलाच्या लशीत जिवंत जंतू असतात, आणि माज किंवा प्रसूतीसाठीची प्रोस्टाग्लँडिनची औषधं कातडीतूनही शरीरात जातात.

झिपरी:
थोडं वेगळं, पण पोटुशी बाई वाचत असेल तर कामाला येईल. मला दुसऱ्या महिन्यात गल्लीतला कुत्रा चावला आणि लस घेऊ की नको यात मी अख्खा दिवस घालवला. रेबीजची लस गर्भारपणात घेता येते, घ्यायलाच हवी. जखम आधी पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुवायची.

कुंकवाचीडबी:
रानजाई, नवऱ्याचे गोठ्यातले कपडे कोण धुतं?

रानजाई:
मीच. हे तर मनातही आलं नव्हतं.

चारापाणी:
वारेचे डाग, घाण लागलेले कपडे, बूट, काहीही तुम्ही हाताळू नका. त्यांनी ते बाहेरच काढावेत, हात धुऊन मगच घरात यावं. नवजात करडूही कुशीत घेऊ नका, कितीही गोड असलं तरी.

रानजाई:
डॉक्टरकडे जाऊन आले. डबीने सांगितलेलं वाक्य पहिलं बोलले, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि परत विचारलं. रक्त घेतलंय, अठरा दिवसांनी परत बोलावलंय. ताप नाही. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या की त्यांचं दुसरं पोट पाचव्यातच पडलं होतं, व्यायत्या शेळ्यांच्याच दिवसांत. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. कपडे आता नवरा धुतो.
काल रात्री पहिली व्यायली. मी खिडकीत उभी राहून सांगत होते, नाक पूस, तोंडातला चिकटा काढ, सडाला लाव. करडू ओरडलं तेव्हा मला रडूच आलं. आता सकाळचे सात वाजले, वार अजून पडली नाही. पाच तास झाले. नवरा ओढू का म्हणतोय.

चारापाणी:
ओढू नका, आतून तुटते. बारा तासांपर्यंत वाट बघा. दुपारी दोनपर्यंत नाही पडली तर तिथल्या डॉक्टरांना बोलवा. पडली की हातमोजे आणि मास्क घालून नवऱ्याने उचलायची, आणि खिडकी बंद ठेवा.