ऑडिओ प्लगइन टाकताना 'ॲक्सेस इज डिनाइड', ॲडमिन म्हणून रन करूनही तेच. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

विंडोज ११ वर रेकॉर्डिंगचा सेटअप नव्याने लावतेय आणि एका जागी असं अडकलंय की पुढे सरकतच नाहीये. जाणकारांनी जरा बघा.

मशीन नवीन आहे पण जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढून ह्यात डी ड्राइव्ह म्हणून लावलीय, कारण सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा साठा), जुने प्रोजेक्ट, लोकांचे रेकॉर्ड केलेले आवाज सगळं तिच्यावरच आहे. रीपर आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचे प्रोग्रॅम सी वर आरामात बसले. घोळ आहे तो एका पियानोच्या प्लगइनचा, म्हणजे रीपरच्या आत वाजणाऱ्या पियानोचा. त्याचा इन्स्टॉलर तीन ठिकाणी फाइली टाकतो, प्लगइन जातो प्रोग्रॅम फाइल्समधल्या कॉमन फाइल्सच्या व्हीएसटी३ (प्लगइनचा एक प्रकार) फोल्डरमध्ये, सॅम्पल्स मी सांगेन तिथे म्हणजे डी वरच्या जुन्या सॅम्पल्स फोल्डरमध्ये आणि प्रीसेट्स (आवाजाच्या तयार सेटिंग्ज) डॉक्युमेंट्समध्ये. पहिलं काम गुपचूप होतं. सॅम्पल्सची पहिलीच फाइल लिहायला गेला की बॉक्स येतो, 'क्रिएटफाइल फेल्ड, कोड ५. ॲक्सेस इज डिनाइड'. ट्राय अगेन कितीही दाबा, तेच. स्किप करत करत पुढे गेलं की प्रीसेट्सपाशी दुसराच एरर, कोड २, 'द सिस्टम कॅनॉट फाइंड द फाइल स्पेसिफाइड'. आता फाइल नवीन बनवायची आहे तर ती सापडत नाही म्हणजे काय, हे काही केल्या डोक्यात शिरत नाहीये.

करून झालेल्या गोष्टी: राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, इन्स्टॉलर परत डाउनलोड करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक, सॅम्पल्स फोल्डरवरची रीड ओन्लीची खूण काढणं (ती काढली तरी परत दिसते!). माझं रोजचं अकाउंट साधं आहे, ॲडमिनचं वेगळं आहे, पासवर्ड विचारला की त्या अकाउंटचा देते.

नेटवर जिथे बघावं तिथे तेच तीन सल्ले: यूएसी (ॲडमिनची परवानगी विचारणारी विंडोजची सोय) बंद करा, अँटिव्हायरस बंद करा, डी ड्राइव्हवर एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या. मला हे खरंच नकोय. लोकांनी विश्वासाने दिलेले आवाज आहेत त्या डिस्कवर, एका पियानोपायी ती सताड उघडी टाकायची नाहीये. नेमकं कोण अडवतंय ते कळलं तर तेवढंच सोडवता येईल. कृपया मदत करा.

प्रतिसाद १

रीड ओन्लीच्या खुणेच्या मागे लागू नका. फोल्डरवर तो चौकोन भरलेला दिसतोच, त्याचा संबंध आतल्या फाइलींशी असतो, फोल्डरमध्ये लिहिता येण्या न येण्याशी नाही. बरेच लोक तिथेच संध्याकाळ घालवतात.

ॲडमिन म्हणून चालवूनही कोड ५ येतोय म्हणजे त्या फोल्डरच्या यादीत ॲडमिनिस्ट्रेटर्स हा ग्रुपच नसणार. सॅम्पल्स फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब, खाली ॲडव्हान्स्ड. वरती ओनर कोण दिसतो आणि यादीत कोण कोण आहे तेवढं सांगा.

धागाकर्ती

ओनरच्या जागी 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा. यादीतही तोच, आणि सिस्टम. बाकी कुणी नाही. जुन्या मशीनवर हा फोल्डर मुद्दाम फक्त माझ्या अकाउंटपुरता ठेवला होता. पण नाव तर इथेही तेच आहे माझं?

प्रतिसाद १

विंडोज तुमचं नाव बघत नाही, तो आकडा बघतं. प्रत्येक इन्स्टॉलेशनला तो वेगळा तयार होतो, त्यामुळे नाव तेच असलं तरी ह्या मशीनच्या लेखी जुन्या तुम्ही म्हणजे परक्या कुणीतरी. डिस्कवरच्या परवानग्या मात्र डिस्कबरोबरच येतात.

त्याच खिडकीत ओनरसमोर चेंज, तिथे ॲडमिनिस्ट्रेटर्स लिहा, चेक नेम्स, ओके. मग 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' वर टिक, अप्लाय. आता सगळ्या खिडक्या बंद करून परत उघडा, हे महत्त्वाचं आहे कारण जुनी खिडकी जुनीच माहिती दाखवत राहते. आणि मालकी मिळाली म्हणजे लिहायची परवानगी मिळाली असं नाही, ती वेगळी द्यावी लागते: ॲडमिनिस्ट्रेटर्सना फुल कंट्रोल, तुमच्या रोजच्या अकाउंटला मॉडिफाय, तो अननोन काढून टाका, सिस्टम राहू द्या. शेवटी 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज' वाल्या ओळीवर टिक म्हणजे आतल्या फाइलींनाही तेच लागू होईल. लायब्ररी मोठी असेल तर वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

एव्हरीवनची काही गरज नाही, तुमचं बरोबर आहे. आणि हे फक्त त्या फोल्डरवर करा, प्रोग्रॅम फाइल्सवर किंवा विंडोज फोल्डरवर कधीही नाही, तिथली मालकी बदलली की भलतंच काहीतरी बंद पडतं आणि शोधायला फार जड जातं.

प्रतिसाद २

वरच्यांना +१. पण तो कोड २ वेगळा आहे हां. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात रॅन्समवेअर प्रोटेक्शन, तिथे कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू आहे का बघा. २०१७ पासून विंडोज १० मध्ये आलंय हे, एरवी बंद असतं, कुणीतरी चालू केलेलं असतं. चालू असलं की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स अशा फोल्डरांत लिहूच देत नाही, मग तो ॲडमिन का असेना. आणि अडवताना कधी कधी 'परवानगी नाही' न म्हणता 'फाइल सापडत नाही' म्हणतं, त्यामुळे माणूस पार दुसरीकडेच शोधत बसतो.

बंद करू नका, 'अलाऊ ॲन ॲप' मध्ये जाऊन रिसेंटली ब्लॉक्ड ॲप्स बघा. तुम्ही डाउनलोड केलेली सेटअप फाइल तिथे दिसेलच असं नाही, कारण पुष्कळ इन्स्टॉलर स्वतःला टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये उलगडून तिथून चालतात आणि अडवला जातो तो टेम्पमधला. तेवढ्यापुरता तो अलाऊ करा, एररचा बॉक्स उघडाच ठेवून ट्राय अगेन दाबा, काम झालं की यादीतून काढून टाका. रीपरलाही त्या यादीत घालून ठेवा, नाहीतर म्युझिक फोल्डरमध्ये रेकॉर्डिंग सेव्ह करायला गेलात की हीच कथा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! दोन्ही गोष्टी निघाल्या. मालकी बदलायला बराच वेळ गेला पण त्यानंतर सॅम्पल्स एकदाही न थांबता उतरले, आणि ब्लॉक्ड यादीत खरंच टेम्पमधलाच प्रोग्रॅम होता. इन्स्टॉलर शेवटपर्यंत गेला, रीपरमध्ये पियानो वाजतोय. फक्त एक राहिलंय, प्रीसेट्सची यादी रिकामी आहे, आणि माझ्या डॉक्युमेंट्समध्ये व्हीएसटी३ प्रीसेट्स असा फोल्डरच नाही. एरर तर काही आला नाही. रीपरच ॲडमिन म्हणून चालवून बघू का?

प्रतिसाद ३

नको, रीपर साधाच चालवा. ॲडमिन म्हणून चालवलात तर एक्सप्लोररमधून फाइल ओढून ट्रॅकवर टाकता येणार नाही, विंडोज तसं होऊ देत नाही, आणि मग तो वेगळा धागा काढावा लागेल.

तुम्ही वर लिहिलंय की पासवर्ड दुसऱ्या अकाउंटचा देता. म्हणजे इन्स्टॉलर चालला त्या अकाउंटच्या नावाने, आणि त्याच्या दृष्टीने 'माय डॉक्युमेंट्स' म्हणजे त्या अकाउंटचे डॉक्युमेंट्स. तुमचे प्रीसेट्स तिथे जाऊन बसलेत. सी मध्ये यूजर्स, त्यात ॲडमिन अकाउंटचं नाव, डॉक्युमेंट्स, तिथला तो फोल्डर कॉपी करून तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये टाका. कटपेस्ट नको, कॉपीच करा, कारण एकाच ड्राइव्हवर हलवलेल्या फाइली जुन्या जागेच्या परवानग्या बरोबर घेऊन येऊ शकतात, कॉपी केली की नव्या जागेच्या लागतात.

धागाकर्ती

तिथेच होते, सगळे. कॉपी केले, रीपर बंद करून उघडला आणि यादी भरलेली दिसली. टेम्पवाला प्रोग्रॅम यादीतून काढलाय, कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालूच आहे. जुन्या प्रोजेक्ट्सच्या फोल्डरवरही तोच अननोन बसलाय, तिथेही हेच करतेय आता.