कोकम आगळ पिऊन रेडिएशन बाधत नाही म्हणे!

खाडीकाठचा:
आमच्या राजापूरकडे जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास मेसेज फिरवतो, रोज आगळ प्या, तुळशीची पानं चावा, अँटीऑक्सिडंट आहेत, किरण बाधत नाहीत. इतकी वर्षं हसायचो. आता काकांना तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) सुरू झालेत (मिश्री, दुसरं काय) आणि घरातलेच विचारतायत देऊया का म्हणून. मी म्हणतो शुद्ध थोतांड.

तुळसवृंदावन:
थोतांड कसं हो? किरण अंगात शिरले की पेशीतलं पाणी फुटतं, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल (झटकन कशालाही चिकटणारे कण) होतात आणि ते डीएनए तोडतात, एक्स-रेचं निम्म्याहून जास्त नुकसान ह्याच वाटेने होतं. ते रॅडिकल मधेच अँटीऑक्सिडंटने गिळलं तर वाचणारच ना. १९४९ साली पॅट ह्या संशोधकाने आणि मंडळींनी उंदरांना सिस्टीन (एक अमिनो आम्ल) देऊन दाखवलंय. तुळशीतल्या ओरिएंटिन आणि व्हिसेनिन ह्या द्रव्यांवर आपल्या शेजारी मणिपाळला काम झालंय, तेही उंदरांवर. गावठी म्हटलं की नाक मुरडायचं, बास.

साधा पेशंट:
पण सिस्टीन किरण द्यायच्या आधी दिलं होतं, नंतर दिल्यावर उंदीर वाचले नाहीत, हे कोण सांगणार? रॅडिकल पापणी लवायच्या आत संपतं, तेव्हा औषध तिथे आधीच हजर पाहिजे. घोटभर सरबतातलं किती पोचणार तिथे? अमिफोस्टिन नावाचं औषध अमेरिकन सैन्याच्या संशोधनातून आलं, शेकात तोंड कोरडं पडू नये म्हणून १९९९ ला मान्यता मिळाली, तेही शिरेतून, शेकाच्या १५-३० मिनिटं आधी, आणि बीपी खाली, उलट्या वेगळ्याच.

तुळसवृंदावन:
म्हणजे तत्त्व बरोबर आहे हे मान्य केलंत की!

साधा पेशंट:
तत्त्व मान्य, बाटली नाही. आणि उंदीर वाचवताना त्याला कॅन्सर नव्हता. इथे कॅन्सरची गाठ मारायची आहे, आणि ती पण बरीचशी ह्याच रॅडिकलने मरते. कॅनडातल्या क्युबेकमध्ये शेक घेणाऱ्या डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ५४० पेशंटवर व्हिटॅमिन ई ची ट्रायल झाली, सुरुवातीला बीटा कॅरोटीनसुद्धा होतं, दोन्ही अँटीऑक्सिडंटच. त्रास कमी झाला खरा, पण पुढे व्हिटॅमिन ई घेतलेल्यांत मृत्यू जास्त निघाले. गोळ्या घेतल्या तर निदान डॉक्टरला सांगा तरी.

मालवणी मासा:
आणि अणुभट्टीच्या नावाने आयोडीनच्या गोळ्या घरात भरणाऱ्यांनो, ती फक्त थायरॉईडपुरती, रेडिओअॅक्टिव आयोडीन तिथे साचू नये म्हणून. अँटीऑक्सिडंटशी संबंध नाय. उगाच दोन्ही एकत्र मळू नका.

खाडीकाठचा:
बरं, थोतांड शब्द मागे घेतो, उंदरांपुरता. आज आईने हौसेने आगळ पाण्यात करून दिलं, काकांनी एक घोट घेतला आणि वाटी परत सरकवली, तोंड सोललंय, आंबट झोंबतं. मग गार पेज, मीठही न घालता. उद्या डॉक्टरांकडे तुळशीच्या कॅप्सूलची बाटलीच घेऊन जातो, कालपर्यंत गुपचूप चालू होती हे मला आजच कळलं.