सोसायटी ग्रुप: मागच्या अंगणातलं बॅडमिंटन

बी-१०३ काकू: नमस्कार. काल रात्री पावणेअकरापर्यंत आमच्या खिडकीखाली "इन", "आऊट" चालू होतं. यांना गोळी घेऊनही झोप नाही. गणपतीतही हेच सांगितलं होतं.

ए-४०२ सेक्रेटरी: काकू, आजपासून नऊला दिवे बंद.

सी-३०१: नऊ? आम्ही ऑफिसातून येतोच साडेआठला.

बी-२०४: माझ्या गाडीच्या काचेवर रॅकेट बसली, त्याचं काय?

ए-६०१ दादा: काकू, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण आरडाओरडा होतो कारण रेषाच नाहीत. खडूची रेघ दोन दिवसांत पुसली जाते. एकदा पेंटने कोर्ट आखू या. लांबी १३.४० मीटर, रुंदी डबल्सला ६.१० आणि सिंगल्सला ५.१८, रेघ ४० मिलिमीटर जाड. शटल रेघेला नुसतं टेकलं तरी इन. मग भांडायला उरतं काय?

सी-५०२ आजोबा: अहो, १८७० च्या सुमारास पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी हा खेळ खेळायचे. आणि सांगलीचे आपले नंदू नाटेकर! १९५६ मध्ये परदेशात स्पर्धा जिंकून आले. काय ती प्लेसमेंट!

बी-१०३ काकू: आजोबा, मी झोपेबद्दल बोलतेय.

ए-३०४: दादा, माझी मुलगी नवीन आहे. सर्व्हिस कुठून करायची यावरून मोठी मुलं तिला रोज हुसकावतात. जरा नीट सांगा ना.

ए-६०१ दादा: ताई, सर्व्हिस करणाऱ्याचे गुण सम असतील, म्हणजे ०, २, ४, तर उजव्या चौकातून. विषम असतील तर डाव्या. शटल समोरच्या तिरक्या चौकातच पडायला हवं. गेम २१ चा. २०-२० झाले की दोनची आघाडी लागते, आणि २९-२९ ला जो ३० वा गुण घेईल तो जिंकला. तिला नायलॉनचं शटल द्या. १६ पिसांचं शटल जेमतेम पाच ग्रॅमचं, आपल्या टाकीकडच्या वाऱ्यात भरकटतं.

सी-३०१: आणि जाळी? दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी लोंबतेय. म्हणून सगळेच स्मॅश मारतात 😀

ए-६०१ दादा: मध्यभागी १.५२४ मीटर हवी, खांबांजवळ १.५५. खांबच वाकलेत.

सी-३०१: गेल्या वर्षी जाळीची वर्गणी घेतली, तिचा हिशेब?

ए-४०२ सेक्रेटरी: नोटीस बोर्डावर महिनाभर होता. वाचायची तसदी घ्यावी.

सी-३०१: दिवाळीच्या लाइटिंगखाली झाकला होता!

बी-२०४: गाडीच्या काचेचं काय?

ए-३०४: कृपया विषय भरकटवू नका. २०२२ मध्ये मुंबईचा चिराग शेट्टी थॉमस कप, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक बॅडमिंटन स्पर्धा, जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. आपल्या पोरांना निदान आखलेलं कोर्ट तरी मिळू दे.

बी-१०३ काकू: पोरांनी खेळू नये असं मी कधी म्हटलं? वेळ पाळा, एवढंच.

ए-४०२ सेक्रेटरी: ठीक. साडेनऊला दिवे बंद. रविवारी सकाळी ९ वाजता जागा मोजू. टेप कुणाकडे आहे?

ए-६०१ दादा: माझ्याकडे. पण कोर्टामागे पळायला जागा सोडायची तर बी-२०४ ची गाडी पुढे न्यावी लागेल. काचही वाचेल.

बी-२०४: का म्हणून? ती जागा मला ड्रॉमध्ये मिळालीय. सेक्रेटरींनी लेखी द्यावं, मग बघू.

ए-४०२ सेक्रेटरी: रविवारी या, तिथेच बोलू.