गोळी बंद केल्यापासून डोक्यात करंट बसतोय, हे कधी थांबणार?

कुंभारगल्ली | सोमवार, रात्री ११:४२

डिप्रेशनची गोळी बंद केलीय. आज नववा दिवस. डोळे जरी पटकन बाजूला फिरवले तरी डोक्यात झर्रकन करंट गेल्यासारखं होतंय. चक्कर आहे, मळमळ आहे. चौथ्या दिवसापासून झोप पार गेलीय, आणि लागलीच तर असली स्वप्नं पडतात की उठल्यावर खरं काय आणि खोटं काय ते कळायला वेळ लागतोय. हात थरथरतायत. काल गिऱ्हाइकाला सुट्टे देताना सगळी नाणी काउंटरखाली सांडली. पोरगी जरा मोठ्यानं बोलली तरी रडायला येतंय.

दोनच प्रश्न आहेत. हे किती दिवस चालतं? आणि करंट थांबवायला घरच्या घरी काही करता येतं का? शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस राहिलेत, माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, वर्षाचा निम्मा धंदा याच दिवसांत होतो. झोपून राहणं परवडत नाही. फक्त "डॉक्टरकडं जा" एवढंच लिहू नका, तेवढं मलाही कळतं.

रंकाळा_फेरी | रात्री ११:५८

भावा, पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर ये. पंधरा दिवस न चुकता फेरी मार, डोकं मोकळं होतं. माझी शुगर याच्यावरच आटोक्यात आली.

शिरोली_नाइटशिफ्ट | मंगळवार, १२:१०

गोळी कुठली, किती एमजीची, किती वर्षं चालू होती? आणि एकदम सोडली की कमी करत आणली? हे सांगितल्याशिवाय किती दिवस चालेल ते कुणीच सांगू शकणार नाही.

कुंभारगल्ली | १२:१९

एस्सिटॅलोप्रॅम १०. २०२१ च्या पुरानंतर सुरू झाली. एकदम सोडली. बरं वाटत होतं म्हणून. आणि मी भावा नाही, बाई आहे. आमच्या गल्लीत बायकाही "मी येतो, मी बसतो" असंच बोलतात, पुढंमागं मीही तसंच लिहिणार, घोटाळा करून घेऊ नका.

शिरोली_नाइटशिफ्ट | १२:४१

ताई, मग माझं ऐका. मी व्हेन्लाफॅक्सिनवर होतो, फौंड्रीत रात्रपाळी असायची. पाळी बदलली की गोळीची वेळ चुकायची, आणि अर्ध्या दिवसात तुम्ही म्हणताय तसाच करंट सुरू व्हायचा. ती गोळी काही तासांतच अंगातून उतरते, म्हणून त्रास लगेच होतो. तुमची उतरते हळू, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० तास लागतात. त्यामुळं पहिले दोन-तीन दिवस काहीच वाटत नाही. माणसाला वाटतं सुटलो, आणि मग सुरू होतं. फ्लुऑक्सेटिन तर आठवडेच्या आठवडे अंगात राहते, म्हणून ती सोडताना त्रास बहुधा कमी होतो.

करंट म्हणजे मेंदूला इजा झाली असं नाही. मेंदूला रोज मिळणाऱ्या औषधाची सवय झालेली असते, ते अचानक गेलं की त्याला परत जुळवून घ्यायला वेळ लागतो. कुणाचं दोन-तीन आठवड्यांत निवळतं, कुणाला महिने लागतात. मला सोडायला आठ महिने लागले. आणि खरा त्रास शेवटच्या थोड्याशा डोसला झाला. सुरुवातीला निम्मी केली तेव्हा विशेष काही जाणवलं नव्हतं, कारण थोड्या डोसमध्येही मेंदूवर बराच परिणाम होत असतो. म्हणून शेवटच्या पायऱ्या सगळ्यात बारीक ठेवायच्या असतात. बऱ्याच डॉक्टरांनाही हे सांगावं लागतं, माझ्या पहिल्या डॉक्टरांनी "दोन आठवड्यांत बंद" म्हणून सांगितलं होतं.

राजारामपुरी_काकू | सकाळी ६:५०

अगं, बी-ट्वेल्व तपासून घे आधी. माझ्या जावेला अशीच चक्कर यायची, शेवटी मानेचा मणका निघाला. कानाच्या डॉक्टरलाही दाखव. आणि उपाशीपोटी चहा घेऊ नकोस.

कागलकर_दादा | ७:१५

एवढं घाबरायचं कारण नाही. एक दिवसाआड घ्या गोळी, महिनाभर. मग दोन दिवसांआड. मी असंच सोडलो, काहीही झालं नाही.

काउंटरवरून | ७:३३

कागलकर दादा, तुम्हाला जमलं ही चांगली गोष्ट, पण दुसऱ्याला सांगू नका. दिवसाआड घेतली की दोन दिवसांत औषध तिसऱ्या हिश्श्यावर येतं, पुन्हा वर, पुन्हा खाली. मेंदूला रोज झोका बसतो. सोडायची तर रोजचा डोस थोडा थोडा कमी करत.

मी मेडिकलमध्ये १४ वर्षं आहे, डॉक्टर नाही. ताई, एक महत्त्वाचं विचारतोय. पाकिटावर नावापुढं "प्लस" असं काही होतं का? मागच्या बाजूला एका औषधाचं नाव होतं की दोन? कृपा करून नीट बघून सांगा. हात थरथरतायत आणि झोप अजिबात नाही, एवढं वाचून विचारतोय.

निसर्गाकडे | ७:५२

या गोळ्या म्हणजे सवय लावायचा धंदा आहे. एकदा धरलं की सुटत नाही. अश्वगंधा घ्या रात्री दुधातून. आळत्याला विपश्यनेचं केंद्र आहे, दहा दिवस जाऊन या, सगळं धुऊन निघतं.

शिरोली_नाइटशिफ्ट | ८:०५

धंदा म्हणून मोकळं होऊ नका. त्या गोळीनं माझा जीव वाचवला. आणि ज्या बाईला पाच-सहा दिवस झोप नाही तिला दहा दिवस मौनात बसवणार? विपश्यनेच्या अर्जातच मानसिक आजार आणि औषधांची माहिती विचारतात, ती उगाच नाही.

निसर्गाकडे | ८:२०

मग इतका त्रास का होतो सोडल्यावर? दारूचं आणि याचं वेगळं काय?

पुणे_कोल्हापूर_पुणे | ८:४४

वेगळं हे की या गोळीची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा असं वाटत नाही. पण सोडल्यावर त्रास होतो हे खरं आहे, आणि कित्येक वर्षं डॉक्टर मंडळींनी तो हलका धरला. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून आकडे आले: गोळी सोडणाऱ्यांत साधारण ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षण, आणि औषध नसलेली खोटी गोळी सोडणाऱ्यांत १७ टक्के. तीव्र त्रास साधारण ३ टक्क्यांना. म्हणजे सगळ्यांना होतोच असं नाही.

शिरोली_नाइटशिफ्ट | ९:०२

त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांनी गोळी काही आठवडे किंवा काही महिनेच घेतली होती. वर्षानुवर्षं घेणाऱ्याला तो आकडा लावून धीर देऊ नका.

पुणे_कोल्हापूर_पुणे | ९:१०

मान्य आहे. वर्षं वाढली की त्रासाची शक्यता वाढते.

पंचगंगाकाठ | ९:३१

२०२१ चा पूर म्हणालात म्हणून लिहितोय. आमच्याही घरात छातीएवढं पाणी होतं. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३. दोन वर्षांत परत तेच. आता कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायचं चाललंय. आपण गोळ्या खात बसायचं आणि पाण्याचं कुणी बघायचं नाही.

कागलकर_दादा | ९:४०

अलमट्टीमुळं पूर येतो हे सिद्ध कुठं झालंय? नदीपात्रात भराव टाकून बांधकामं केली ती कुणी?

पंचगंगाकाठ | ९:४६

तुम्ही कागलच्या माळावर राहता. कुंभार गल्लीत येऊन बोला.

काउंटरवरून | ९:५५

पुराचा वेगळा धागा काढा, हात जोडतो. ताई, पाकीट?

कुंभारगल्ली | दुपारी २:१२

गिऱ्हाईक होतं, आत्ता बसलोय. पाकीट फेकून दिलं. प्लस असेल नाहीतर नसेल, त्यानं काय फरक पडतो? डिप्रेशनचीच गोळी आहे. आणि मी पहिल्यापासून विचारतोय, किती दिवस, त्यावर एकच माणूस बोलला.

काउंटरवरून | २:२०

फार फरक पडतो. आपल्याकडं एस्सिटॅलोप्रॅमसोबत क्लोनाझेपाम घातलेली गोळी सर्रास लिहिली जाते, बहुतेक १० एमजीला ०.५ एमजी. क्लोनाझेपाम ही शांत करणारी, झोप आणणारी गोळी. ती बरेच महिने रोज घेऊन एकदम तोडली तर थरथर, झोप उडणं, घाबरं होणं हे होतंच, पण काही जणांना आकडी येऊ शकते. नुसतं एस्सिटॅलोप्रॅम सोडल्याचा त्रास नकोसा असतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. हे दुसरं बेतू शकतं. आणि ती अंगातून हळू उतरते, त्यामुळं आठ-दहा दिवसांनंतरही सुरू होऊ शकतं. जुनं बिल किंवा चिठ्ठी, काहीही शोधा.

राजारामपुरी_काकू | २:३५

माझ्याकडं झोपेच्या गोळ्या आहेत ह्यांच्या. मी शाहूपुरीत येणारच आहे संध्याकाळी, चार देऊन जाऊ का?

काउंटरवरून | २:३८

नको काकू. मनापासून विचारताय, पण कुठली गोळी, किती एमजी, काही माहीत नाही.

कुंभारगल्ली | ३:०५

फोनमध्ये मार्चच्या बिलाचा फोटो सापडला. प्लस आहे.

आता खरं सांगतो. मी ठरवून बंद केली नाही. ज्या डॉक्टरांनी सुरू केली त्यांचा दवाखाना दीड वर्षापूर्वी बंद झाला. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर मिळत होती. मागच्या महिन्यात तिथं नवा मुलगा आला, तो म्हणाला नवी चिठ्ठी आणा. चार माणसं मागं उभी होती, त्यात आमच्या गल्लीतली एक. मी म्हटलं, राहू दे, आता मी बरीच आहे की. घरी येऊनही तेच सांगितलं. सासूबाई खूश झाल्या, म्हणाल्या बरं झालं सुटली ती पीडा. आता परत सुरू करायची म्हणजे कुठल्या तोंडानं सांगू?

शिरोली_नाइटशिफ्ट | ३:१२

ताई, त्या मुलानं नियमानंच केलं, पण चारचौघांत बोलणं चुकलं त्याचं. यात तुमचा काही दोष नाही. सासूबाईंना असं सांगा: गोळी सोडायचीच आहे, पण उतरायची रीत असते, मधूनच उडी मारली म्हणून पाय मुरगळला. माझ्या आईला मी हेच सांगितलं होतं, तिला पटलं.

दुसरं, सरळ विचारतो, राग मानू नका. जीव द्यावा असं मनात येतंय का?

कुंभारगल्ली | ३:२०

नाही. पुराच्या वर्षी यायचं. आत्ता नाही, आत्ता नुसती चिडचिड आणि रडू.

पुणे_कोल्हापूर_पुणे | ३:२८

हेही लक्षात ठेवा की मूळ आजार उलटला तर तो सहसा आठवड्या-महिन्यांनी हळूहळू येतो, आणि त्यात करंट बसत नाही. गोळी सुटल्यावर आठवड्याच्या आत सुरू झालेली चक्कर, करंट, विचित्र स्वप्नं हे बहुतेक सोडल्याचंच असतं. "बघा, गोळी नाही म्हणून परत वेडेपणा सुरू झाला" असं घरात कुणी म्हणालं तर हे सांगा.

काउंटरवरून | ३:३४

पुढच्या महिन्यावर टाकू नका, आजच संध्याकाळी कुठल्याही मानसोपचार तज्ज्ञाचा दवाखाना गाठा. बिलाचा फोटो दाखवा, "२०२१ पासून रोज, नऊ-दहा दिवसांपूर्वी एकदम बंद" हे पहिल्या वाक्यात सांगा. आज कुणी मिळालं नाही तर उद्या सकाळी सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढा, तिथं मानसोपचार विभाग आहे. रात्री फारच घाबरं झालं तर १४४१६ लावा, टेलि-मानस, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि आकडी, भ्रम, अंग ताठ होणं असलं काही झालं तर कशाचीच वाट बघू नका, सीपीआरच्या अपघात विभागात जा. एकटीनं जाऊ नका. गाडी चालवू नका, दुकानात शिडीवर चढू नका.

निसर्गाकडे | ४:०१

ताई, अश्वगंधाचं मी लिहिलं ते मागं घेतो. तिनंही झोप येते, या औषधांबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दवाखान्यात जाऊन या.

पंचगंगाकाठ | ४:१५

मी अलमट्टीवर घसरलो, क्षमा करा. पण एक सांगतो. पाऊस तोंडावर आलाय. गोळी कमी करायचीच असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सुरू करू नका. बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं, इशारा पातळी ऐकली, की माझी छाती आजही धडधडते, आणि मी कुठलीच गोळी घेत नाही. तुमचं दुकान दोनदा बुडालंय. गणपती होऊ दे, मग बघा.

कुंभारगल्ली | गुरुवार, रात्री १०:०८

मंगळवारीच गेलो. नणंदेला घेऊन गेलो, तिनंच सासूबाईंना समजावलं. डॉक्टर ओरडले नाहीत. दोन्ही औषधं वेगवेगळी लिहून दिली. एस्सिटॅलोप्रॅम १० परत रोज सकाळी, क्लोनाझेपाम रात्री. म्हणाले, आधी सगळं थाऱ्यावर येऊ दे, मग क्लोनाझेपाम आधी आणि ती पण फार सावकाश कमी करू, दुसरीचं दिवाळीनंतर बोलू. पावसाचं मी सांगितलं तर त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

काल सहा तास झोपलो. करंट आहे अजून, पण दिवसातून पाच-सात वेळाच. थरथर जवळजवळ गेली. वह्यांचे गठ्ठे दीर लावून देतायत.

एक विचारायचं राहिलं त्यांना. सोमवारी पोरीला क्लासला सोडायचंय, स्कूटर चालवू का?

काउंटरवरून | १०:१५

नको. करंट पूर्ण थांबेपर्यंत नाही, आणि रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहते का ते आधी कळू दे. उद्या दवाखान्यात फोन करून विचारा. तोवर रिक्षा लावा.

राजारामपुरी_काकू | १०:३१

रिक्षा कशाला, मी रोज तिकडूनच जाते. कुठला क्लास आहे ते सांग.